तोटा कोणी सोसायचा?

सेवाभावी संस्थांचा उद्योग, तरुणांचा रोजगार आणि आदिलाबाद जिल्ह्याचा अनुभव

(शतकमहोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा लेखी पाठ)



शंभर वर्षे पूर्ण केलेल्या संस्थेचे खरे चरित्र तिच्या जमाखर्चाच्या वह्यांत वाचावयास मिळते. कोणत्याही जुन्या ग्रंथालयाच्या वह्या उघडाव्यात. वर्गणीची जमा एका बाजूस, ग्रंथखरेदी, दिवाबत्ती, भाडे आणि सेवकांचे वेतन दुसऱ्या बाजूस, आणि वर्षअखेरीस या दोहोंमधील तूट. ही तूट कोणीतरी भरून काढलेली असते. भरणाऱ्याची तसबीर कधी सभागृहात लागते, कधी लागतही नाही. परंतु त्या तुटीची झळ वाचकापर्यंत पोहोचू नये, अशी व्यवस्था संस्थेच्या चालकांनी केलेली असते आणि म्हणूनच एखादा फाटक्या सदऱ्यातील विद्यार्थी निर्धास्तपणे पुस्तक घेऊन घरी जातो. लोकहिताच्या कार्यात तोटा कोणाच्या अंगावर पडतो, हा प्रश्न असा ग्रंथालयाच्या उंबरठ्यावरच भेटतो. तोच प्रश्न तरुणांच्या रोजगाराच्या संदर्भात विचारणे, हा या व्याख्यानाचा हेतू आहे.

अलीकडे 'सामाजिक उद्योजकता' हा शब्द बराच रूढ झाला आहे. बांगलादेशातील ग्रामीण बँक आणि तिचे संस्थापक मुहम्मद युनुस यांना २००६ मध्ये शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाल्यानंतर तर तो परिसंवादांतून सर्रास ऐकू येऊ लागला. त्याचा अर्थ थोडक्यात असा की, नफा वाटून घेण्याचा हेतू नसलेल्या संस्थेने केवळ देणगी आणि अनुदान यांवर विसंबून न राहता माल निर्माण करावा, तो बाजारात विकावा आणि त्या व्यवहारातून उपेक्षितांना काम व संस्थेला स्थैर्य मिळवून द्यावे. शब्द नवा असला तरी कल्पना मात्र मराठी भूमीस अपरिचित नाही. १९२५ मध्ये स्थापन झालेला अखिल भारतीय चरखा संघ किंवा १९३४ मध्ये वर्ध्यास आकारास आलेला अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ यांनी दुसरे काय केले? कापूस, पेळू, सूत, विणकर आणि विक्रीभांडार ही सारी साखळी चरखा संघाने सांभाळली. १९३५ मध्ये सूत कातणाऱ्या स्त्रियांच्या मजुरीचा प्रश्न महात्मा गांधींनी ऐरणीवर आणला. मजुरी वाढविली तर खादी महागेल आणि गिऱ्हाईक दुरावेल, अशी भीती अनेक कार्यकर्त्यांनी व्यक्त केली आणि ती अवास्तव नव्हती. तरीही कातणारणीला जगण्यापुरते मिळालेच पाहिजे, खप कमी होण्याचा धोका संघाने पत्करावा, अशी भूमिका घेण्यात आली. सेवाभावी उद्योगाचे सारे मर्म त्या एका वादात सामावलेले आहे. धोका आहेच, प्रश्न एवढाच की, तो दुबळ्या खांद्यावर ठेवावयाचा की सबळ खांद्यावर.

या कसोटीवर तपासून पाहण्यास आदिलाबादसारखा दुसरा जिल्हा क्वचितच सापडेल. पैनगंगा, वर्धा आणि प्राणहिता या नद्यांनी महाराष्ट्रापासून वेगळा केलेला, परंतु माणसांनी कधीही पुरता वेगळा होऊ न दिलेला हा प्रदेश. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत किनवट आणि राजुरा हे तालुके आदिलाबाद जिल्ह्याचेच भाग होते. त्या दिवशी ते मराठी भाषिक प्रदेशात आले आणि उलट दिशेने नांदेड जिल्ह्यातील मुधोळ तालुका आदिलाबादला जोडला गेला. वासरच्या सरस्वतीला अक्षराभ्यासासाठी मुले घेऊन जाणाऱ्या मराठी कुटुंबांना सीमारेषा कोठे ओलांडली, हे अद्यापही चटकन सांगता येणार नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये जुन्या आदिलाबादचे चार जिल्हे झाले: आदिलाबाद, निर्मल, मंचिर्याल आणि कोमराम भीम आसिफाबाद. प्रस्तुत विवेचनात 'आदिलाबाद' म्हणजे हा जुना, अखंड जिल्हा समजावा.

येथील तरुणाच्या कानावर लहानपणापासून तीन-चार भाषा पडतात. गोंड, कोलाम, प्रधान यांच्या वाड्यांतून गोंडी व कोलामी, हाटबाजारात मराठी, शाळेत व कचेरीत तेलुगू, शहरात उर्दू. एवढी भाषिक श्रीमंती असूनही त्याच्या वाट्यास स्थिर काम कमीच आले. मोठ्या कारखान्यांवर भिस्त ठेवावी, तर आदिलाबादचा सरकारी सिमेंट कारखाना १९९८ मध्ये बंद पडला. कागजनगरची प्रसिद्ध सिरपूर कागद गिरणी २०१४ मध्ये थांबली आणि चार वर्षांनी नव्या मालकांच्या हाती पुन्हा सुरू झाली. त्या चार वर्षांत कामगारांच्या घरी चूल कशी पेटली असेल, याची कल्पना करणे कठीण नाही. कोळशाच्या खाणी पूर्व भागात आहेत, परंतु खाणीतील नोकऱ्या मोजक्या. उरतो तो कापूस आणि जंगल. अशा ठिकाणी नफ्याविना चालणाऱ्या संस्थांनी तरुणांसाठी काय केले आणि काय साधले नाही, हे पाहणे उद्बोधक ठरते.

या इतिहासाचा प्रारंभ मारलवाई या लहानशा गोंड गावापासून करावा लागतो. १९४० मध्ये जोडेघाटच्या डोंगरात कोमराम भीम निजामी पोलिसांच्या गोळीस बळी पडला. जल, जंगल आणि जमीन यांवरील हक्कासाठी उठलेले ते बंड शमले, परंतु त्यामागील दुःख शमले नव्हते. राखीव जंगलाच्या रेषा गावांवरून ओढल्या गेल्या होत्या आणि कसलेल्या जमिनी कागद वाचू शकणाऱ्यांच्या नावावर चढत होत्या. ऑस्ट्रियात जन्मलेले मानववंशशास्त्रज्ञ ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हाइमेनडॉर्फ त्याच सुमारास गोंडांचा अभ्यास करण्यासाठी येथे आले आणि मारलवाईस राहिले. त्यांच्या ध्यानात आले की, गोंडांवरील अन्यायाचे एक कारण अत्यंत साधे आहे: कागदावर काय लिहिले आहे, हे वाचणारा गोंड गावात नाही. तलाठ्याची वही परक्याच्या हाती, वनरक्षक परका, शिक्षक तर नाहीच.

त्यावर निजाम सरकारच्या पाठबळाने १९४३ मध्ये मारलवाई येथे गोंड तरुणांसाठी शिक्षक-प्रशिक्षण केंद्र उघडण्यात आले. थोडीफार अक्षरओळख असलेले तरुण निवडून त्यांना शिकविण्यात आले आणि पुढे त्यांनाच गोंड गावांतील शाळांवर नेमण्यात आले. गोंडी भाषेची वाचनपुस्तके तयार झाली, ती देवनागरी लिपीत. कारण या भागातील गोंडांना मराठीचा परिचय होता. ग्रंथालयाच्या सभासदांनी अभिमानाने लक्षात ठेवावी अशी ही गोष्ट आहे. मराठीची लिपी येथे दुसऱ्या एका भाषेच्या सेवेस लागली. (याच जिल्ह्यातील गुंजाळा गावी गोंडीच्या स्वतंत्र लिपीतील हस्तलिखिते पुष्कळ नंतर प्रकाशात आली.) शिकलेल्यांपैकी काही जण शिक्षक झाले, काही गावकामगार, कारकून व वनरक्षक झाले. त्याच काळात, म्हणजे १९४४ ते १९४९ या वर्षांत, दीड लाख एकरांहून अधिक जमीन आदिवासींच्या नावे करण्यात आली. केसलापूरच्या नागोबाच्या जत्रेत तक्रारी ऐकण्यासाठी दरबार भरविण्याची प्रथाही १९४६ पासूनची.

मारलवाईचा प्रयोग सरकारी होता. त्यास सेवाभावी संस्थेचा उद्योग म्हणता येणार नाही, हे खरे. तथापि रोजगाराच्या दृष्टीने त्यातील रचना पुढील सर्व संस्थांनी अभ्यासावी अशी होती. तेथे आधी काम ठरले होते आणि नंतर शिक्षण सुरू झाले. शाळा उघडावयाच्या गावांना शिक्षक हवे होते; म्हणून शिक्षक घडविले गेले. तरुणाने अनिश्चित भविष्याकडे पाहत आपली उमेदीची वर्षे पणास लावावीत, अशी अपेक्षा केली गेली नाही. शिवाय काम त्याच्या मुलखात, त्याच्या भाषेत होते. त्याने शिकणे म्हणजे गाव सोडणे नव्हते. प्रशिक्षणाची आणि पुढील नेमणुकीची जबाबदारी एकाच हाती असल्यामुळे मधल्या खड्ड्यात कोणी पडले नाही.

परंतु जो हात देतो तो आखडूही शकतो. संस्थान गेले, १९५६ नंतर राज्यभाषा तेलुगू झाली आणि गोंडी वाचनपुस्तके मागे पडली. दिलेल्या जमिनींपैकी अनेक पुन्हा परक्यांच्या ताब्यात गेल्या, आणि २० एप्रिल १९८१ रोजी इंद्रवेल्ली येथे जमिनीच्या प्रश्नावर जमलेल्या गोंडांवर गोळीबार झाला. मारलवाईची स्मृती मात्र पुसली गेली नाही. हाइमेनडॉर्फ यांच्या पत्नी बेट्टी यांचे १९८७ मध्ये निधन झाले आणि त्यांचे दफन मारलवाईसच करण्यात आले. १९९५ मध्ये निवर्तलेल्या हाइमेनडॉर्फ यांच्या अस्थीही २०१२ मध्ये तेथेच, त्यांच्या शेजारी विसावल्या. ज्यांनी वाचावयास शिकविले त्यांना एखादा समाज कसा लक्षात ठेवतो, याचे हे उदाहरण कोणत्याही ग्रंथालयाच्या भिंतीवर कोरून ठेवावे असे आहे.

दुसरा प्रयोग निर्मल गावचा. निर्मलची लाकडी खेळणी महाराष्ट्रातही अनेक घरांच्या शोकेसमध्ये सापडतात. पोणकी नावाच्या झाडाचे लाकूड अत्यंत हलके आणि मऊ. ते वाळवून त्यातील ओल काढावयाची, अवयव वेगवेगळे कोरावयाचे, चिंचोक्याची खळ आणि लाकडाचा भुसा यांच्या लगद्याने ते सांधावयाचे, वर पांढऱ्या मातीचा लेप देऊन रंगवावयाचे, अशी ही रीत. आंबा, केळी, पक्षी, हरणे अशी हुबेहूब घडतात की, लहान मूल फळाकडे हात करते. ही कारागिरी व्यापाऱ्याच्या मुठीत राहू नये, म्हणून १९५५ मध्ये कारागिरांची सहकारी संस्था स्थापन झाली. एकत्र कार्यशाळा आणि स्वतःचे विक्रीकेंद्र झाल्यामुळे एकट्या कारागिराला माल डोक्यावर घेऊन दारोदार फिरावे लागले नाही. २००९ मध्ये निर्मलच्या खेळण्यांना भौगोलिक उपदर्शनाचे कायदेशीर संरक्षणही लाभले.

असे असूनही कारागिरांची मुले या कामाकडे वळेनाशी झाली, ही व्यथा निर्मलमध्ये सतत ऐकू येते. त्यांना आळशी किंवा परंपरेविषयी बेफिकीर ठरविणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. कारणे दोन आहेत. पोणकीचे झाड जवळच्या जंगलातून जवळपास नाहीसे झाले. लाकूड दुरून आणावे लागते आणि ते मिळेलच याची हमी नाही. ज्या दिवशी लाकूड नाही त्या दिवशी मजुरी नाही. दुसरे असे की, हात बसेपर्यंत काही वर्षे जातात आणि मोबदला मात्र नगावर मिळतो. म्हणजे शिकण्याच्या काळातील सारा तोटा त्या मुलाच्या घराने सोसावयाचा. सहकारी संस्थेने विक्रीचा भार उचलला; कच्च्या मालाचा आणि शिकाऊ वर्षांचा भार मात्र कारागिराच्या घरावरच राहिला. उपदर्शनाच्या प्रमाणपत्राने नावाचे रक्षण होते, झाडाचे होत नाही. वनखात्याने पोणकीची लागवड करण्याचे प्रयत्न केले आहेत. परंतु झाड वाढण्यास वर्षे लागतात आणि सोळा वर्षांच्या मुलाला तेवढी वाट पाहता येत नाही.

केरामेरी भागातील उशेगावच्या ओतकामाची कथाही हेच सांगते. येथील ओझा कारागिरांना ओतारी असेही म्हटले जाते. मराठी वाचकास त्या शब्दाचा अर्थ सांगण्याची आवश्यकता नाही. मातीच्या गाभ्यावर मेणाच्या बारीक दोऱ्यांनी नक्षी गुंडाळावयाची, त्यावर पुन्हा माती थापून भट्टीत घालावयाचे. मेण वितळून जाते आणि त्याच्या जागी पितळेचा रस भरतो. साचा फोडला की मूर्ती हाती येते आणि तो साचा पुन्हा उपयोगाचा राहत नाही. गोंडांच्या देवघरातील मूर्ती, घंटा, घुंगरू हे याच हातांचे काम. २०१८ मध्ये या ओतकामासही भौगोलिक उपदर्शन मिळाले. जुन्या काळी कारागिरास गिऱ्हाईक शोधावे लागत नव्हते. गोंड समाज हाच त्याचा नित्याचा यजमान होता. आता शहरी दिवाणखाना हे गिऱ्हाईक झाले, ते लहरी आहे आणि दूर आहे. पितळ मात्र रोख पैसे मोजून आधीच विकत घ्यावे लागते. खरेदी आणि विक्री यांच्यामधील या महिन्यांचे भांडवल जी संस्था पुरवील, तीच या कारागिराच्या मुलाला भट्टीजवळ थांबवू शकेल. प्रदर्शन भरविणे चांगले. पण प्रदर्शनात न विकलेला माल परत कोण घेऊन जातो, हे पाहिल्याशिवाय संस्थेचे मूल्यमापन पुरे होत नाही.

तिसरे उदाहरण कापसाचे. आदिलाबादच्या बाजार समितीत दर हंगामात ओलाव्यावरून वाद पेटतो. भारतीय कापूस महामंडळाच्या खरेदीत ८ टक्के ओलावा प्रमाण मानतात. त्याहून अधिक असेल तर १२ टक्क्यांपर्यंत त्या प्रमाणात भाव कमी होतो आणि त्यापुढील माल नाकारला जातो. नाकारलेली गाडी मग खासगी व्यापाऱ्याच्या दारात उभी राहते आणि तेथे भाव ठरविण्याची ताकद शेतकऱ्याकडे नसते. अशा परिस्थितीत २००४ मध्ये नेदरलँडमधील काही संस्थांच्या साहाय्याने 'चेतना ऑरगॅनिक' हा उपक्रम सुरू झाला. आदिलाबादच्या आसिफाबाद भागातील, तसेच महाराष्ट्र व ओडिशातील कोरडवाहू कापूस उत्पादकांना त्याने सेंद्रिय शेती आणि न्याय्य व्यापार यांच्या चौकटीत एकत्र आणले.

या उपक्रमाची घडण मुद्दाम समजून घेण्याजोगी आहे. प्रशिक्षण, गावगटांची बांधणी आणि लोकहिताची कामे पाहणारी संघटना वेगळी ठेवण्यात आली. खरेदी-विक्रीसाठी २००९ मध्ये शेतकऱ्यांच्या मालकीची उत्पादक कंपनी उभी करण्यात आली. कंपनी कायद्यात २००२ च्या दुरुस्तीने उत्पादक कंपन्यांची तरतूद झालीच होती. हे दोन भाग वेगळे का करावे लागतात? धर्मादाय पैसा आणि व्यापाराचा पैसा एकाच थैलीत गेला, तर दोन्हींचा हिशेब बिघडतो. देणगीदारास वाटते, आपला पैसा व्यापारात बुडाला. शेतकऱ्यास वाटते, आपल्या कापसाचे पैसे पगारात गेले. शिवाय सर्वसाधारण लोकोपयोगी कार्य करणाऱ्या विश्वस्त संस्थेची व्यापारी मिळकत एकूण मिळकतीच्या २० टक्क्यांपलीकडे गेल्यास प्राप्तिकराची सवलत धोक्यात येते. म्हणून सेवा एका घरात आणि व्यापार शेजारच्या घरात, मध्ये उघडे दार, ही मांडणी शहाणपणाची ठरते.

यात तरुणांना काम कोठे मिळाले? सेंद्रिय प्रमाणपत्र हा नोंदींचा कारभार आहे. कोणत्या शेतात कोणते बियाणे पडले, कोणते खत गेले, शेजारच्या शेतातून फवारा आला काय, किती क्विंटल निघाला, याची शेतवार वही ठेवावी लागते आणि गटाच्या आतील निरीक्षकाने ती तपासावी लागते. दहावी-बारावी झालेला आणि गोंडी, मराठी, तेलुगू बोलणारा गावातला मुलगा किंवा मुलगी या कामास सर्वांत योग्य. बाहेरच्या पदवीधरापेक्षा त्यांच्या शब्दावर शेतकरी अधिक विश्वास ठेवतो. ज्या भाषांना नोकरीच्या अर्जात किंमत नव्हती, त्याच येथे पात्रता ठरतात. मारलवाईच्या तत्त्वाशी असलेले याचे नाते सहज दिसून येते. वाटेतील काटेही लपविण्याचे कारण नाही. रासायनिक शेतीकडून सेंद्रियकडे वळताना सुरुवातीच्या दोन-तीन वर्षांत उत्पन्न घटते आणि वाढीव भाव मात्र प्रमाणपत्रानंतरच मिळतो. २००२ नंतर बीटी कापसाने बहुतेक क्षेत्र व्यापल्यामुळे साधे बियाणे मिळणे हेच संकट झाले. या मधल्या वर्षांतील प्रशिक्षणाचा आणि प्रमाणपत्राचा भार संस्था उचलू शकते, परंतु घटलेले पीक अखेर शेतकऱ्याच्याच घरी घटते. तेथे संस्थेची ताकद अद्याप अपुरी आहे, हे मान्य करावयास हवे.

उटनूर परिसरातील अन्नप्रक्रियेच्या प्रयोगांनी आणखी एक मार्ग दाखविला. मोहाची फुले ही गोंड घराची जुनी साठवण. उन्हाळ्याच्या तोंडाशी पहाटे वेचलेल्या फुलांवर कित्येक कुटुंबांचे महिने निघत. ती व्यापाऱ्यास स्वस्तात विकावयाची आणि पुढे दारूच्या नावाने बदनामी मात्र आदिवासींची, असे वर्षानुवर्षे चालले. येथील आदिवासी स्त्रियांच्या सहकारी संस्थेने मोहफुलांचे लाडू करून आश्रमशाळांना पुरविण्यास प्रारंभ केला. इक्रिसॅट या संशोधन संस्थेच्या तांत्रिक साहाय्याने आणि आदिवासी कल्याण खात्याच्या योजनेतून ज्वारी व मिश्र धान्यांचा पोषक आहार तयार करण्याचे कामही महिला गटांकडे आले; तो आहार अंगणवाड्यांतून वाटला जातो. आपल्याच मुलाबाळांचे अन्न आपल्याच हातांनी, यापेक्षा अधिक समाधानाचे काम कोणते? तथापि येथे एकच मोठे गिऱ्हाईक आहे आणि ते म्हणजे सरकार. देयके रखडली किंवा योजना बदलली, तर यंत्रे थांबतील. म्हणून सरकारी मागणी हा या उद्योगाचा पाळणा मानावा. त्यातच त्याने आयुष्य काढू नये.

आता जे तरुण गावात राहू शकत नाहीत किंवा राहू इच्छित नाहीत त्यांचा विचार. त्यांना गावातच थांबा, असे सांगण्याचा अधिकार शहरात बसलेल्यांना नाही. अविभक्त आंध्र प्रदेशात २००५ च्या सुमारास रोजगार निर्मिती व विपणन अभियान या नावाची नोंदणीकृत संस्था सरकारने उभी केली. ग्रामीण आणि आदिवासी तरुणांना सुमारे तीन महिने निवासी प्रशिक्षण द्यावयाचे, त्यात दुकानातील विक्री, सुरक्षा, संगणक, व्यवहारापुरते इंग्रजी शिकवावयाचे आणि कंपन्यांशी आधी बोलणी करून नोकरी मिळवून द्यावयाची, अशी तिची पद्धत होती. कामाचा अनुभव असा आला की, नोकरी मिळविण्यापेक्षा पहिले दोन-तीन महिने टिकविणे कठीण. हैदराबादेत उतरलेल्या मुलाला खोलीचे आगाऊ भाडे, भांडीकुंडी आणि पहिला पगार हाती येईपर्यंतचे जेवण यांसाठी पैसे लागतात. ते नसले की तो परत फिरतो आणि 'आदिवासी मुले नोकरीत टिकत नाहीत' असा शेरा मारला जातो. २०१४ मध्ये केंद्र सरकारने सुरू केलेल्या दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजनेत हा धडा अंशतः उतरला. किमान ७० टक्के प्रशिक्षितांना काम मिळवून देण्याची अट प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेवर घालण्यात आली, तिचे पैसे हप्त्यांनी आणि परिणाम पाहून देण्याचे ठरले आणि नोकरी लागल्यावर सुरुवातीचे काही महिने तरुणाला आर्थिक आधार देण्याची तरतूद झाली. तोटा कोणाचा, या प्रश्नाचे उत्तर येथे निदान नियमांच्या भाषेत तरी बदललेले दिसते.

या सर्व उदाहरणांतून एक हिशेब मांडता येतो. काम शोधणाऱ्या तरुणापुढे चार तोटे उभे असतात: शिकण्याच्या काळात बुडणारी मजुरी, कच्चा माल न मिळण्याचा धोका, माल न विकला जाण्याचा धोका आणि नव्या ठिकाणी स्थिरावेपर्यंतचा खर्च. व्यापारी हे चारही तरुणावर टाकतो. म्हणून त्यास व्यापारी म्हणतात. सेवाभावी संस्थेचे वेगळेपण तिच्या घटनेतील उदात्त उद्देशांवरून ठरू नये. या चारांपैकी किती तोटे तिने स्वतःकडे घेतले, यावरून ठरावे. निर्मलच्या संस्थेने एक घेतला, म्हणून ती इतकी वर्षे तगली. दोन घेतले नाहीत, म्हणून तिच्या कार्यशाळेत तरुण कमी झाले. मारलवाईने जवळजवळ सर्व घेतले. पण ते सत्तेच्या जोरावर, आणि सत्ता पालटताच आधार गेला. प्रमाणपत्रे वाटणारी अनेक प्रशिक्षण केंद्रे यांपैकी एकही तोटा घेत नाहीत आणि तरीही त्यांचे वार्षिक अहवाल सर्वांत देखणे असतात.

यावर एक आक्षेप संभवतो. संस्थाच सारा तोटा सोसू लागली, तर तरुण परावलंबी होणार नाही काय? या शंकेचे उत्तर आदिलाबादपासून फार दूर नाही. वर्धा नदीपलीकडे, चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ आनंदवन आहे. १९५१ मध्ये विनोबांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. बाबा आमटे यांनी कुष्ठरुग्णांस भिक्षापात्राऐवजी अवजार दिले. तेथे पिकलेल्या भाजीस आरंभी गिऱ्हाईक मिळेना, कारण भाजी चांगली असली तरी ती पिकविणाऱ्या हातांचे लोकांना भय होते. परदेशी स्वयंसेवक त्याच रुग्णांबरोबर राबताना आणि जेवताना गावकऱ्यांनी पाहिले, तेव्हा ते भय ओसरले. त्या न विकलेल्या भाजीचा तोटा संस्थेने सोसला. काम करणाऱ्याच्या स्वाभिमानाने सोसला नाही. पुढे विणकाम, सुतारकाम, छपाई असे कितीतरी उद्योग तेथे वाढले. तोटा अंगावर घेणे आणि कष्ट माफ करणे या भिन्न गोष्टी आहेत. कष्ट तरुणाचेच असावेत. ते वाया जाण्याचा धोका तेवढा वाटून घ्यावा. फुकट दिल्याने मनुष्य मिंधा होतो, परंतु धोक्यात भागीदार मिळाल्याने तो उभा राहतो.

अखेरीस, या सर्वांत ग्रंथालयाचा वाटा कोणता? सायंकाळी कोणत्याही जुन्या ग्रंथालयाच्या अभ्यासिकेत डोकवावे. कथा-कादंबऱ्यांच्या कपाटांसमोर फारशी गर्दी नसते. स्पर्धा परीक्षांची जाडजूड पुस्तके घेऊन बसलेले तरुण मात्र बाकांवर जागा सोडीत नाहीत. काही ज्येष्ठ सभासद त्यामुळे खिन्न होतात. त्यांनी तसे होऊ नये. घरात एकच खोली असलेल्या मुलाला दिवा, टेबल आणि शांतता मिळणे, हेही त्याच्या तोट्यात सहभागी होणेच आहे. एक पाऊल पुढे मात्र टाकता येईल. परीक्षेच्या शर्यतीत बहुसंख्य मुले मागे राहणार, हे अटळ आहे. त्यांच्यासाठी सहकारी संस्था कशी नोंदवावी, हिशेब कसे ठेवावेत, कर्जप्रकरण कसे लिहावे, मालाची प्रत कशी राखावी, यांची साधी पुस्तके मराठीत मिळवावीत आणि नसल्यास लिहवून घ्यावीत. परिसरातील कारागीर, शेतकरी आणि गटचालक स्त्रियांना महिन्यातून एकदा त्याच सभागृहात बोलते करावे. मारलवाईस देवनागरीत गोंडी वाचनपुस्तक छापणाऱ्यांनी हेच केले होते: ज्याला जे काम करावयाचे आहे, त्याच्या भाषेत त्या कामाचे पुस्तक.

शंभर वर्षांपूर्वी या वास्तूचा पाया घालणाऱ्यांना 'सामाजिक उद्योजकता' हा शब्द ठाऊक नव्हता. वर्षअखेरीस वहीत तूट दिसली की, ती वाचकाच्या माथी मारावयाची नाही, एवढे मात्र त्यांना ठाऊक होते. निर्मलच्या कार्यशाळेतील शिकाऊ मुलगा, उशेगावच्या भट्टीजवळ बसलेला ओतारी, आसिफाबादेत शेतवार वही लिहिणारी मुलगी आणि हैदराबादेत पहिल्या पगाराची वाट पाहणारा गोंड तरुण यांना आज तशीच तूट भरून काढणारा कोणीतरी हवा आहे. शतकमहोत्सवाच्या निमित्ताने सभासदांनी आणि आश्रयदात्यांनी ती जुनी वही पुन्हा एकदा उघडावी आणि येणाऱ्या वर्षाच्या खर्चाच्या बाजूस त्यांच्या नावाने एक ओळ लिहावी, एवढीच विनंती.